परक्या बाईची खोली

६ मार्च

प्रिय वहिनी,

फोन दादाच्या हातात गेला की आपल्या दोघींच्या मध्ये हवामान आणि त्याची गुडघेदुखी येते, म्हणून पुन्हा पत्रच लिहिते आहे. शिवाय फोनवर बोललेलं नंतर तपासता येत नाही. पत्र निदान पाकिटात घालण्याआधी एकदा मोठ्याने वाचून बघता येतं. मी प्रत्येक पत्र तसं वाचते. कुठे खोटं लागलं की ते कानाला आधी कळतं.

बातमी अशी, की आमची लॉन्ड्री उघडली. कपडे धुवायला नाही. सहा वर्षं बंद पडलेली ती इमारत पाडून तिथे गाड्या उभ्या करायला जागा करायची असं ठरत आलं होतं. तेवढ्यात एक शिल्पकारबाई आणि त्यांच्याबरोबर काम करणारा एक दाढीवाला सुतार अर्ज घेऊन आले. त्यांना दोन महिन्यांसाठी इमारत मिळाली आहे. २७ एप्रिलला प्रदर्शन. त्या दिवशी गल्लीतल्या लोकांनी तिथेच हात वर करून ठरवायचं, की इमारत ठेवायची की पाडायची. ठेवली, तर वाचायला, शिकायला, म्हाताऱ्यांना बसायला ती गल्लीची होणार. आणि किल्ली कायमची कुणाच्या हातात द्यायची तेही त्याच दिवशी ठरणार. ज्याला हवी त्याने तिथे हजर राहायचं, एवढी एकच अट.

सध्या किल्ली माझ्याकडे आहे. लॉन्ड्री बंद झाली त्या दिवशी सगळ्यात शेवटी मी बाहेर पडले होते, आणि किल्ली घ्यायला कुणी आलंच नाही. सहा वर्षं मी दर महिन्याला कुलपाला तेल घातलं. हे कुणी सांगितलं नव्हतं. हा अधिकार की आगाऊपणा, हा प्रश्न माझ्या डायरीत तीनदा येऊन गेला आहे.

खरं सांगते वहिनी, मला ती किल्ली हवी आहे. सोळा वर्षं मी त्या इमारतीत लोकांच्या कपड्यांवर खुणेच्या पट्ट्या शिवल्या. आता अर्धा दिवस दवाखान्यातल्या चादरी मोजते. काम वाईट नाही, पण चादरी सगळ्या सारख्या. किल्ली मिळाली नाही, तर तू दर वर्षी बोलावतेस तशी तुमच्या मागच्या खोलीत राहायला येईन. मग इथे राहण्याला कारण उरणार नाही.

आता सल्ला दे. शिल्पकारबाईंनी घरोघरी एकेक कोरा कागद वाटला आहे. गल्लीतलं जे माणूस तुम्हाला सगळ्यात परकं वाटतं, त्याच्याबद्दल लिहा. नाव घालू नका, स्वतःचंही नको. त्यांचं म्हणणं असं, की आपण ज्याला परकं समजतो त्याची एक खोली आपण मनात आधीच बांधून टाकलेली असते. ती खोली त्या खरोखर बांधून दाखवणार. असं कुणाबद्दल लिहिणं योग्य आहे का? साबणाची नवी वडी काढून तिच्या वेष्टनावर तारीख घातली, दोन्ही घड्याळं लावली (एक सात मिनिटं पुढे असतं, म्हणजे निघायच्या वेळी घाई होत नाही) आणि तासभर कोऱ्या कागदासमोर बसले. काही सुचलं नाही.

तुझी,
वन्सं

११ मार्च

वन्सं,

तुमची पत्रं वाचली की माझी शिलाई मागे पडते आणि गिऱ्हाइकं दारात उभी राहतात. आजच एका बाईंना सांगितलं, ब्लाउज उद्या, आज माझी नणंद धर्मसंकटात आहे.

लिहा की हो! कागद कोरा दिला तर शिल्पकारबाई काय, तुमच्या चादरीची खोली बांधणार? ज्या माणसाचा आवाज आला की तुमचा जबडा आवळतो, त्याच्याबद्दल लिहा. असं माणूस प्रत्येक गल्लीत एक असतंच. आमच्या गल्लीत ते तुमचे दादा आहेत असं मला कधी कधी वाटतं. खिडकीत उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पावसाचा अंदाज सांगतात आणि तो रोज चुकतो.

मागच्या खोलीत सध्या कापडाचे तागे आहेत. तुम्ही येणार असाल तर अर्ध्या दिवसात रिकामी करते. पण किल्ली हरून येऊ नका. यायचं तर मिरवत या.

दादा शेजारून सांगताहेत की गुडघ्याबद्दल लिही. लिहिलं.

तुमची,
वहिनी

२० मार्च

प्रिय वहिनी,

जबड्याची तुझी कसोटी लावून पाहिली. शेवटी वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंबद्दल लिहिलं. त्या कधीही येतात, कधीही जातात. जिना चढताना गातात, आणि गाणं नेमकं माझ्या दारापाशी येऊन थांबतं. का थांबतं, ते मला आजवर कळलेलं नाही. साखर मागायला येतात आणि दार उघडायच्या आत बोलायला लागतात. चार पानं झाली. शेवटी लिहिलं, 'या बाईंबद्दल माझ्या मनात आकस नाही.' मोठ्याने वाचलं. खोटं लागलं. खोडलं. मग तो कागद पेटीत टाकून आले आणि दोन दिवस जिन्यात नर्सबाई दिसल्या की मी खाली बघते आहे.

पण खरी गंमत पुढेच आहे. एकतीस कागद आले, आणि त्यातले बावीस एकाच माणसाबद्दल निघाले! शिल्पकारबाई तर हरखून गेल्या. त्या आणि सुतार, दोघेही बाहेरगावचे. इथे कोण कोण राहतं हे त्यांना ठाऊक नाही आणि करून घ्यायचंही नाही. म्हणतात, त्याने प्रयोग नासेल. त्यांना एवढंच कळलं आहे की ती एक बाई आहे आणि एकटी राहते. धुलाईच्या हौदांच्या जागी तिची खोली उभी राहणार आहे, आणि उरलेले कागद तसेच भिंतीला लागणार आहेत. माझं अक्षर चांगलं म्हणून कागदांतल्या ओळी मोठ्या पुठ्ठ्यांवर उतरवायचं काम माझ्याकडे आलं आहे. अगं, काय एकेक माणसं असतात! ही बाई म्हणे साबणाच्या वडीवरच तारीख कोरते. (वडीवर! दोन धुण्यांत ती जाणार. वेष्टनावर घालावी ना.) घरात दोन घड्याळं, एक पाच मिनिटं पुढे. पाच मिनिटांनी काय साधतं? जिना उतरण्यातच चार जातात. पायपुसण्याला इस्त्री करते. मी फडक्यांना करते, पण त्याला कारण आहे, इस्त्रीच्या फडक्याला धूळ जास्त चिकटते. पायपुसण्याला करणं म्हणजे निव्वळ विकृती. आणि संध्याकाळी बंद दाराआड कुणाशी तरी बोलत असते, समोरच्याचा आवाज मात्र कधीच येत नाही. हे सहा जणांनी लिहिलं आहे.

मला वाटतं, हेडमास्तरांच्या घरासमोर राहणाऱ्या विधवा बाई असाव्यात. पण त्या तर मुलाकडे राहतात. मग कोण?

तुझी,
वन्सं

२५ मार्च

वन्सं,

तुमच्या दादांनी पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं आणि दुसऱ्या पानावर त्यांना चहाचा ठसका लागला. चहा नाकातून आला. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही. तूच वाच." मी वाचलं.

ती बाई कोण, याचा फार शोध घेऊ नका. असेल कुणीतरी. तुम्ही आपल्या ओळी उतरवा, कुलूप लावा आणि घरी जा. लोक काय, कुणाहीबद्दल काहीही लिहितात. लोकांना दुसरं काम नसतं.

एक विचारू? तुमच्या खोलीत आरसा आहे का?

आणि प्रदर्शन होईपर्यंत तिथे थांबलंच पाहिजे का? आत्ताच चार दिवस इकडे या ना. तागे मी कालच हलवले.

तुमची,
वहिनी

५ एप्रिल

प्रिय वहिनी,

आरसा आहे. नऊ इंच बाय बारा. केस विंचरण्यापुरता. का विचारलंस? पाठवायचा असेल तर नको, काच फुटते.

खोली जवळजवळ झाली. सुताराने कपड्यांच्या जुन्या मांडण्यांच्या फळ्या वापरून भिंती केल्या आहेत. एका फळीवर माझ्याच हातचा 'उशांचे अभ्रे' असा शिक्का निघाला. तेवढ्यापुरतं गहिवरून आलं. डबे मांडले आहेत, प्रत्येकावर कधी उघडला त्याची तारीख. छत्रीला नाव आणि मजल्याचा क्रमांक. दाराकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची. बाईला माणसं बघायची नसतात म्हणून, असं एका कागदात आहे. तर दुसऱ्या कागदात म्हटलंय की ती खिडकीत बसून कोण आलं, कोण गेलं ते वहीत लिहिते. दोन्ही एकदम खरं कसं असेल? मी शिल्पकारबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "परक्या माणसाबद्दल सगळंच एकदम खरं असतं." हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं. पटलं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

गल्लीतले लोक आधीच डोकावून जायला लागले आहेत. आणि कलेचा परिणाम बघ! सायकलवाले काका आले, हसत हसत आले. खोली बघितली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा खोली बघितली. टोपी काढली, परत घातली आणि "पंक्चर राहिलंय" म्हणून निघून गेले. हेडमास्तर तर माझ्याशी हवेबद्दल बोलायला लागले, बंद इमारतीत. बेकरीवाल्या बाई हात धरून म्हणाल्या, "ताई, मनावर घेऊ नका हो." मी म्हटलं, मी कशाला मनावर घेऊ? घेतलंच तर त्या बिचारीने घ्यावं.

कारण खरं सांगू? सुरुवातीला मी त्या बाईला हसले. आता ओळी उतरवता उतरवता मला तिची बाजू घ्यावीशी वाटते. बावीस जणांनी तिला इतकं बारकाईने बघितलं, आणि एकाही कागदात असं नाही, की 'मी तिला विचारलं'. उद्या ती बाई २७ तारखेला त्या दारात उभी राहिली तर? ती काय करेल, याचा मी रोज विचार करते. मी असते तर गल्ली सोडून गेले असते.

किल्लीचं काय होतंय कळत नाही. काकांना सहज विचारलं, तर म्हणाले, "बघू. आता तर सगळं अवघडच होऊन बसलंय." काय अवघड?

तुझी,
वन्सं

९ एप्रिल

वन्सं,

घाईत लिहिते. तुमच्या दादांची तब्येत बरी नाही. डॉक्टर म्हणतात काळजीचं आहे. तुम्ही लगेच या. २७ तारखेच्या आधी या आणि महिनाभर राहा. प्रदर्शन काय, होत राहील. भाऊ एकच असतो.

वहिनी

१२ एप्रिल

प्रिय वहिनी,

पत्र मिळताच फोन केला. दादाने उचलला. "मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे," म्हणाला. म्हणजे प्रकरण गंभीरच आहे. दादा खोकला झाला तरी मृत्युपत्राची भाषा करतो. तो ज्या अर्थी बरा आहे म्हणतो, त्या अर्थी त्याला काहीतरी कळलेलं आहे आणि तो माझ्यापासून लपवतो आहे. मी त्याला धीर द्यायला म्हटलं, "दादा, माणसाने खंबीर असावं." तर तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?" आवाज कापरा वाटला. (दूरध्वनीतला दोषही असेल. मला खात्री नाही.)

ताप किती असतो, भूक आहे का, पाय सुजतात का, औषधं कोणती, हे सगळं कळव. मी २० तारखेला निघते. दवाखान्यात रजा मागितली आहे. किल्ली शिल्पकारबाईंकडे देईन. २७ला मी हजर नसले की ती दुसऱ्याला जाणार, हे मला माहीत आहे. पण भाऊ एकच असतो, हे तू अगदी बरोबर लिहिलंस. काल कुलपाला तेल घालून आले. शेवटचं म्हणून थोडं जास्तच घातलं गेलं.

तुझी,
वन्सं

१५ एप्रिल

वन्सं,

निघू नका. दादांना काहीही झालेलं नाही. या क्षणी ते खिडकीत उभे राहून कुणाला तरी सांगताहेत की पाऊस येणार, आणि ऊन कडकडीत आहे. आजारपण मी रचलं. दादांना फोनवर कण्हायला सांगायचं होतं, पण मी सांगायच्या आत तुमचा फोन आला.

कारण आता लिहितेच. लाज वाटते, पण तुम्ही तेल घालून आलात हे वाचल्यावर ताटावरून उठून लिहायला बसले.

वन्सं, ती बाई तुम्ही आहात.

दोन घड्याळं कुणाची? तारखा कुणाच्या? संध्याकाळी बंद दाराआड पत्रं मोठ्याने कोण वाचतं? तुम्ही तुमच्याच हाताने, तुमच्याच सुंदर अक्षरात ते सगळं पुठ्ठ्यांवर उतरवलंत आणि मला वर विचारलंत, 'मग कोण?' मला आधी हसू आलं. मग तुम्ही तिची बाजू घेतलीत आणि म्हणालात की तुम्ही असता तर गल्ली सोडून गेला असता. तेव्हा मी घाबरले. वाटलं, तुम्हाला तिथून आधीच काढून आणावं, म्हणजे तुम्हाला ते कळायलाच नको. पण माझ्या खोट्यापायी किल्लीच जायची वेळ आली.

आता सगळंच बोलते. तुमच्या गल्लीला नावं ठेवायचा मला हक्क नाही. वीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन आले तेव्हा मीही तुमच्याबद्दल असा एक कागद मनात लिहिला होता. तुम्हाला आठवत नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात माझ्या नव्या कोऱ्या टॉवेलवर तुम्ही लॉन्ड्रीची पट्टी शिवून ठेवली होतीत. तिच्यावर सात आकडा. तुम्ही सगळे तेव्हा तिकडेच एका घरात होतात, सहा माणसं. मी सातवी. म्हणजे शेवटची, बाहेरून आलेली, नंबर लावून ठेवलेली. त्या न्हाणीघरात मी नळ सोडून रडले. दुपारी पट्टी उसवली. पण टाकून दिली नाही. बटणांच्या डब्यात ठेवली, कधीतरी तुमच्या तोंडावर मारीन म्हणून. मग तुम्ही तशा निघाला नाहीत आणि ते राहून गेलं.

या, नका येऊ, बोला, नका बोलू. तुम्ही म्हणाल तसं. पण दादांना शिक्षा नको, ते निर्दोष आहेत. पोहे-बिहे काही न करता मी त्यांना दोन दिवस नुसत्या पावावर ठेवलं आहे, कारण हसायला सुरुवात त्यांनी केली.

वहिनी

२९ एप्रिल

प्रिय वहिनी,

चौदा दिवस उत्तर दिलं नाही. रागावले नव्हते असं लिहून मोठ्याने वाचलं. खोटं लागलं. रागावले होते.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आधी घड्याळांकडे बघितलं. मग डब्यांकडे. मग आरशाकडे. नऊ बाय बारात फार काही दिसत नाही. मी रोज रात्री डायरीत स्वतःची झडती घेते, खोटं बोलले का, कुणाचं मन दुखवलं का. आणि बाहेरून आपण कशा दिसतो हे डायरीच्या बावीस वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. दोन दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही. ट्रंक काढली. तिसऱ्या दिवशी ट्रंकेत चादर घडी करताना लक्षात आलं, की मी गल्ली सोडून गेले तर माझे चार पानांचे उद्योग इथे राहतील आणि नर्सबाई एकट्या ते वाचत बसतील. म्हणजे त्या बावीस जणांनी माझं जे केलं तेच मी नर्सबाईंचं केलं, फक्त जास्त पानांत.

मग वर गेले. दार वाजवायच्या आत त्या बोलायला लागल्या, "या या, साखर हवीय का?" मी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे हो. भिंतीला लावलाय ना तो कागद. तुमचं अक्षर गल्लीत कोण ओळखत नाही? छान लिहिलंयत. माझ्या गाण्याबद्दलचं मी माझ्या बहिणीला वाचून दाखवलं." मी विचारलं, तुम्ही कुणाबद्दल लिहिलं? म्हणाल्या, "मी कोरा दिला. दिवसाला साठ माणसांची नाडी बघते, घरी येऊन कोण परकं ते कुठे शोधत बसू? पाय दुखतात."

तिथून तशीच लॉन्ड्रीत गेले आणि शिल्पकारबाईंना म्हटलं, "ही खोली माझी आहे, आणि हिच्यात एक्केचाळीस चुका आहेत." यादी नेली होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला. सुतार खाली बसला. बाई म्हणाल्या, "पण मग प्रयोग संपला!" मी म्हटलं, संपला का, मला कल्पना नाही, पण पायपुसण्याला मी इस्त्री करत नाही, ते आधी उचला. त्यांनी हात जोडून सांगितलं, की चुका काढता येणार नाहीत. चुका हीच कृती आहे. आम्ही बराच वाद घातला. शेवटी ठरलं, खोली तशीच राहील, फक्त २७ला मी आत बसेन.

बसले. दाराकडे पाठ असलेल्या त्या खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून. ते सगळ्यात वाईट होतं, कारण पाठीमागे गल्ली जमत गेल्याचं फक्त ऐकू येत होतं. चपला. खोकले. वहिनी, मला वाटलं, आत्ता उठावं आणि मागच्या दाराने स्टेशन गाठावं. ट्रंक भरलेली होतीच.

तेवढ्यात सायकलवाले काका बोलले. चिडून बोलले. "ही खुर्ची कुणी अशी ठेवली? ताईंची खुर्ची खिडकीपाशी असते. डावा हात खिडकीकडे, म्हणजे लिहिताना सावली पडत नाही."

"डावा नव्हे, उजवा," हेडमास्तर म्हणाले.

"मास्तर, मी पंधरा वर्षं समोर बसून पंक्चरं काढतोय!"

"आणि मी पंधरा वर्षं माझं घड्याळ त्यांच्या खिडकीतल्या घड्याळावर लावतोय. ते पाच नाही, सात मिनिटं पुढे असतं. मी सात वजा करतो. हे कुणी लिहिलं पाच?"

"तुम्हीच!" बेकरीवाल्या बाई म्हणाल्या.

"मी सातच लिहिलं होतं. माझा सात कुणी पाच वाचला?"

मग जो गोंधळ सुरू झाला! ज्यांनी लिहिलं तेच दुरुस्त्या सांगायला लागले. साबण उजव्या कोपऱ्यात असतो. छत्री काळी नाही, निळी. मंगळवारी त्या हसतात. (मी मंगळवारी हसते? का? बघायला हवं.) कुणीतरी म्हणालं, ती बोलते कुणाशी ते मात्र गूढच आहे. त्यावर नर्सबाई म्हणाल्या, "गूढ कसलं? वहिनींना लिहिलेलं पत्र वाचून बघतात. मी जिन्यात गाणं थांबवून ऐकते. पुढे काय होतं कळायला नको का? आणि हो ताई, दादांची तब्येत कशी आहे आता?"

आणि सगळी गल्ली, अगं सगळी, माझ्याकडे काळजीने बघायला लागली. काका म्हणाले, "खरंच, ते सांगा आधी."

मी खुर्ची वळवली. म्हटलं, "दादा बरा आहे. गुडघा सोडून." मग काय झालं ते नीट आठवत नाही, हसले की रडले, याबद्दल डायरीत दोन वेगवेगळ्या नोंदी आहेत. सुताराने खुर्ची उचलून खिडकीपाशी ठेवली. शिल्पकारबाई भिंतीला टेकून वहीत भराभर लिहीत होत्या आणि पुटपुटत होत्या, "हे मी केलेलं नाही."

इमारत राहिली. किल्लीसाठी माझ्या नावाला अडतीस हात वर झाले. त्यातले दोन नर्सबाईंचे होते, म्हणून मी सदतीस धरते. स्वतःचा हात मी वर केला नाही. योग्य वाटलं नाही. विरोधात एक हात, हेडमास्तरांचा. पण त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, की आता मी घड्याळ घेऊन लॉन्ड्रीत गेले तर त्यांनी आपलं घड्याळ कशावर लावायचं.

आता तुझी सातची पट्टी. वहिनी, मला ती चांगली आठवते. लॉन्ड्रीत आम्ही माणसांना आकडे देत नव्हतो. आकडा घराचा. एका घराचे सगळे कपडे, बापाचा सदरा असो की तान्ह्याचं दुपटं, सगळ्यांवर एकच आकडा, म्हणजे हजार कपड्यांत घुसळून निघाले तरी परत एकाच गाठोड्यात यावेत. सात हे आपलं घर. दादाच्या कपड्यांवर सात, आईच्या सात, माझ्या सात. त्यांच्या पट्ट्या कॉलरच्या आत असत. टॉवेलला कॉलर नाही, म्हणून तुझी वर दिसली. तू आलीस आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी मी ते केलं, कारण तुझी एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी जाऊ नये असं मला वाटलं. तुला सांगायला हवं होतं. मला वाटलं, पट्टी बघून कळेल. मला नेहमी वाटतं, पट्टी बघून कळेल.

तुझी,
वन्सं

४ मे

वन्सं,

पत्र वाचलं आणि उठून कपाट उघडलं. दादांचे जुने शर्ट मी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात पुसणी करून टाकले होते. दुसऱ्याच्या शिलाईचे कपडे नवऱ्याच्या अंगावर मला बघवत नव्हते. म्हणून वीस वर्षं मला सात दिसला नाही. एक कोट तेवढा उरला होता. त्याची कॉलर उलटून बघितली. शाई पुसट झालीय, पण सात आहे.

मी जमिनीवरच बसले. दादा आले, म्हणाले, "काय शोधतेस?" म्हटलं, माझं घर. ते म्हणाले, "पाऊस येणार आहे," आणि खिडकी लावायला गेले. माणूस आहे का कोण आहे!

माझा तो टॉवेल अजून आहे. विरलाय, मशीन पुसायला घेते. बटणांच्या डब्यातून पट्टी काढली आणि त्याच जागी परत शिवली. जुन्या टाक्यांची भोकं अजून तशीच होती, सुई आपोआप त्यांत गेली. तो टॉवेल मागच्या खोलीत खुंटीला अडकवला आहे. तागे आत परत नेणार नाही. किल्ली तुमच्याकडे आहे, आता हरून यायचा प्रश्न नाही. मंगळवारी या. हसताना बघायचंय.

तुमची,
वहिनी

ता. क. नर्सबाईंना माझा नमस्कार. वेगळा सांगायला नको, हे पत्र मोठ्याने वाचा.